प्रारूप नकाशा ते राजपत्र : गावच्या विकास योजनेवर हरकत घेताना

आमच्या गावाची सुधारित प्रारूप विकास योजना, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा, जून २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा शेवटचा तुकडा मंजूर व्हायला २०२४ उजाडलं. गाव कृष्णेच्या खोऱ्यातलं, तालुक्याचं. नगरपरिषद ‘क’ वर्ग. पुण्या-मुंबईच्या आराखड्यावर वर्तमानपत्रं पानंच्या पानं लिहितात. आमच्यासारख्या गावात जाहीर नोटीस आतल्या पानावर येते, माणसं ‘आपली जमीन कशात गेली’ एवढं बघतात आणि घरी जातात. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर ठिकठिकाणी नव्या नगरपरिषदा बसल्या आहेत आणि त्यातल्या काहींपुढे हेच काम येणार आहे. हरकत घ्यायला निघालेल्यांना आणि समितीत बसणाऱ्यांना, दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

नोटीस मला पहिल्यांदा दिसली ती शेजारच्या काकूंनी मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत. बारीक अक्षरात एवढंच : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ अन्वये प्रारूप योजना प्रसिद्ध करण्यात येत आहे, नकाशे कार्यालयीन वेळेत पाहता येतील, हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. सभागृहाच्या भिंतीवर भलामोठा रंगीत नकाशा लावला होता आणि समोर गर्दी. नकाशावर घरांची नावं नसतात, गट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर असतात, त्यामुळे पहिली दहा मिनिटं काहीच कळत नाही. आधी स्टँड किंवा नदीवरचा पूल शोधावा, तिथून रस्त्याने आपल्या घरापर्यंत यावं. पिवळा म्हणजे रहिवास, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक-निमसार्वजनिक, हिरवा शेती किंवा मोकळी जागा. त्यावर गोल करून आकडे घातलेले असतात, ती आरक्षणं, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागा.

एकट्या प्रारूप नकाशावरून काय बदललं ते समजत नाही. शेजारी मागची मंजूर योजना आणि विद्यमान जमीन वापराचा नकाशा, असे दोन्ही लागतात. ते भिंतीवर नव्हते. विचारल्यावर बांधकाम विभागातल्या क्लार्कनी कपाटातून गुंडाळी काढून दिली, अगदी आनंदाने दिली. मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही, आणि बहुतेकांना मागायचं असतं हेच ठाऊक नसतं. ज्या नगरपरिषदेला लोकांनी खरंच हरकती घ्याव्यात असं वाटतं, तिने तिन्ही नकाशे एकाच भिंतीवर लावावेत आणि बदललेल्या जागांची यादी मराठीत खाली चिकटवावी. यात खर्च काहीच नाही.

तिन्ही जुळवल्यावर आमच्या भागातल्या दोन गोष्टी दिसल्या. कॉलनीमागचं सव्वा एकराचं पटांगण मागच्या योजनेत ‘खेळाचे मैदान’ म्हणून आरक्षित होतं. नव्या नकाशात आरक्षणाचा गोल गेलेला आणि जागा पिवळी झालेली. आणि ओढ्याच्या दोन्ही काठांची जमीन, जी आजवर हिरव्या पट्ट्यात होती, तीही पिवळी. गावातली साडेतीनशे-चारशे पोरं त्या पटांगणावर खेळतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे तिथेच धावतात, कारण हमरस्त्यावर धावणं त्यांना सुरक्षित वाटत नाही. मला तिथेच रडू आलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी आम्ही पाच-सहा घरं एकत्र बसलो. पहिला सूर होता, ‘सह्यांची मोहीम काढू, मोर्चा नेऊ.’ माझं म्हणणं होतं की आधी पटांगणाच्या मालकांना भेटू. ते आजोबा ऐंशीच्या घरातले. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पोरी, मैदान राहू दे की. मी कुठं नको म्हणतोय? पण पंचवीस वर्सं झाली, ना पैका दिला, ना जमीन मोकळी केली. इकायची म्हटलं तर गिऱ्हाईक आरक्षण बघून पळतंय. नातीच्या लग्नाला दुसरं रान काढावं लागलं. मी करायचं काय?’’

यावर आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. कायद्यात खरं तर वाट आहे. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीतही संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. आता ही मुदत चोवीस महिन्यांची आहे. आजोबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या भेटीनंतर आमच्या हरकतीचा मसुदा पार बदलला. ‘मैदान वाचवा’ एवढ्यावर न थांबता आम्ही लिहिलं : आरक्षण कायम ठेवा, त्याचबरोबर संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद करा आणि ते कोणत्या वर्षी होईल ते सांगा. आजोबांनीही स्वतःचा वेगळा अर्ज दिला : घ्या तरी, नाहीतर सोडा तरी. दोन अर्ज एकमेकांविरुद्ध नव्हते, आणि पुढे सुनावणीत याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

कागद जमवायला पंधरवडा गेला. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. गटाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढला. प्रारूप नकाशाच्या आमच्या भागाची रंगीत प्रत आणि योजनेचा अहवाल यांचं शुल्क हजाराच्या वर गेलं, ते घरांनी वाटून घेतलं. अहवाल जरूर घ्या. नकाशापेक्षा तोच जास्त बोलतो : लोकसंख्येचा अंदाज काय धरला, शाळा-बागा-मैदानांना किती जागा लागते आणि प्रत्यक्षात किती ठेवली, याचे तक्ते त्यात असतात. आमच्या अहवालात मैदानांची जागा कमी पडते हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, आणि तरी असलेलं मैदान काढलं होतं. हरकतीत तो पान क्रमांक टाकला.

आरक्षण का काढलं याच्या टिपणीसाठी माहिती अधिकारात अर्ज केला : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पुढे प्रतींना पानामागे दोन रुपये. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि हरकतीलाही तीसच दिवस, म्हणजे उत्तर हाती येईतो हरकतीची वेळ टळून जाते. म्हणून आधी हरकत द्या आणि शेवटी एक ओळ घाला : ‘अधिकची कागदपत्रे सुनावणीच्या वेळी सादर करण्यात येतील.’ सुनावणीत आमचे नंतरचे कागद याच ओळीवर घेतले गेले.

अर्जाला ठरावीक नमुना नव्हता. नाव, पत्ता, गट नंबर, प्रारूप योजनेत काय दाखवलंय, आमचं म्हणणं काय, त्याची कारणं, नेमकी मागणी, जोडपत्रं. सगळं दोन पानांत. मैदानाचा अर्ज वेगळा आणि ओढ्याचा वेगळा केला, कारण एका अर्जात दोन विषय असले की दुसरा विषय अभिप्रायात राहून जातो. शेजारच्या प्रभागातून दोनशे सह्यांचं एक निवेदन गेलं. त्याला एकच हरकत क्रमांक मिळाला आणि बोलायलाही एकालाच. आमच्याकडे ज्यांना जमलं त्यांनी आपापल्या शब्दांत स्वतंत्र अर्ज दिले. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

जुलैत मुदत संपली, आणि ऑगस्टमध्ये पूर आला.

२०१९ चा तो पूर या खोऱ्यात कुणी विसरणार नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्याकडे नदी पात्र सोडून आली ती ओढ्यातून. नदी भरली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, नदीचाच फुगवटा ओढ्यात उलटा चढतो. नकाशात पिवळी केलेली दोन्ही काठांची जमीन कित्येक दिवस पाण्याखाली होती. त्यापुढचे आठवडे चिखल काढण्यात, भिजलेलं धान्य फेकण्यात, जनावरांसाठी चारा शोधण्यात गेले. नकाशाचा विषय कुणाच्या मनातही नव्हता.

सप्टेंबरात थोडी उसंत मिळाली तेव्हा पुराव्याचं काम पुन्हा हाती घेतलं. फोटो सगळ्यांकडे होते, पण फोटोवर ‘ही जागा तीच कशावरून’ असं विचारता येतं. त्याहून भक्कम कागद तलाठ्यांकडे होता : नुकसानभरपाईचे पंचनामे. त्यात गट नंबरनिशी, सरकारी सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं होतं की कोणत्या गटात पाणी शिरलं आणि काय नुकसान झालं. तहसील कार्यालयात अर्ज करून त्या गटांच्या प्रती घेतल्या. पूररेषेबद्दल पाटबंधाऱ्याच्या कार्यालयालाही पत्र दिलं. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची, दोन्हींच्या मध्ये बांधकामावर निर्बंध. उत्तर आलं की रेषा नदीची आखली आहे, ओढ्याची नाही. म्हणजे नकाशावर निळी रेषा संगमापाशी येऊन थांबत होती, आणि पाणी मात्र तिथून अर्धा किलोमीटर आत आलेलं. ते पत्रही जोडपत्रात घातलं.

२१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि निकाल लागेपर्यंत सगळं ठप्प झालं. या काळात चौकशीला गेलं की ‘बघू निवडणुकीनंतर’ एवढंच उत्तर. वाट बघण्याचा ताण फार असतो. मधल्या काळात काहीजण गळाले, काहींना ‘कशाला वैर घेताय’ असे निरोप आले. छोट्या गावात जमीनमालक, नगरसेवक, शाळेतले सर, दुकानदार सगळे एकमेकांच्या नात्यातले किंवा ओळखीतले असतात. माझ्या सासूबाईंनाही भाजी बाजारात दोघांनी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘सून कागद घेऊन जाते, कुणाच्या घरावर दगड नाही मारत.’’ त्यांच्या या एका वाक्याने मला पुढची सगळी वर्षं बळ दिलं.

सुनावणीचं पत्र डिसेंबरात आलं. कलम २८ प्रमाणे हरकती ऐकायला नियोजन समिती असते : नगरपरिषदेच्या स्थायी समितीतले तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. आमच्याकडच्या जाणकारांत नगररचना खात्यातले एक निवृत्त अधिकारी होते. पत्र काहीजणांना आदल्या दिवशी मिळालं, काहींना मिळालंच नाही. म्हणून आवक क्रमांक जपून ठेवा. तो दाखवल्यावर पत्र नसतानाही आमच्यातल्या दोघींना बोलू दिलं.

प्रत्येकाला पाच-सात मिनिटं मिळत होती. मी कागदाला १, २, ३ असे क्रमांक घालून सात संच नेले होते, प्रत्येक सदस्याला एक. बोलायला लागले तर आवाज कापत होता. निवृत्त साहेब म्हणाले, ‘‘ताई, सावकाश सांगा, वेळ आहे.’’ मैदानाचं ऐकून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘मग जमीनमालकाचं काय?’’ आजोबा मागेच बसले होते. ते उठून आपलं म्हणणं सांगू लागले तशी खोलीतली हवाच बदलली. मैदान हवं म्हणणारे आणि जमीन अडकलेला मालक एकच मागणी करत होते.

ओढ्याच्या हरकतीच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्यासाठी समितीच्या अध्यक्षांविषयी मला कायम आदर वाटेल. एका सदस्याच्या कुटुंबाची जमीन त्याच काठावर होती. अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, ‘‘या क्रमांकापुरतं तुम्ही बाहेर बसा, उद्या तुमच्यावरच बोट नको.’’ ते उठून बाहेर गेले, कुणाचाही अपमान झाला नाही. सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावात ही रीत लिखित नियमासारखी पाळायला हवी. ज्याची किंवा ज्याच्या भावकीची जमीन आहे त्याने तेवढ्या विषयापुरतं उठावं, आणि तो उठला याची नोंद इतिवृत्तात व्हावी.

जानेवारी २०२० मध्ये समिती जागा बघायला आली. आम्ही लेखी विनंती केली होती. सकाळी आठला ओढ्यावरच्या पंपघराच्या भिंतीवर पुराची रेघ अजून स्पष्ट होती. टेप लावून उंची मोजली, फोटो घेतले, शेतात राबणाऱ्या दोघांना विचारलं. अर्ध्या तासाचं काम. सभागृहात बसून तीन दिवस चर्चा केली असती तरी एवढं कळलं नसतं.

समितीचा अहवाल आमच्या बाजूने आला : मैदान कायम ठेवावं, ओढ्याचा काठ हिरवाच राहावा. आमच्या दोन्ही हरकतींसमोर कारणांसह सहा-सात ओळींचा अभिप्राय होता. पण मी सगळा तक्ता वाचला, आणि ते वाचून वाईट वाटलं. पानामागून पान एकच वाक्य : ‘सदर हरकत मान्य करता येत नाही.’ स्टँडमागे बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी मंडईसाठी जागा सुचवली होती. कुणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन, रोजगार बुडवून त्या सुनावणीला आल्या होत्या. त्यांच्या समोरही तेच वाक्य. जागा अपुरी आहे, रस्ता अरुंद आहे, दुसरीकडे मंडई प्रस्तावित आहे, काहीतरी कारण असेलच ना? ते लिहा. नकार माणूस पचवतो, पण कारणाशिवाय दिलेला नकार ऐकल्यावर तो पुन्हा कधीही अर्ज करत नाही, आणि पुढच्या योजनेच्या वेळी नकाशासमोर फक्त जमिनीचे दलाल उभे राहतात.

समितीचा अहवाल म्हणजे शेवट असं आम्हाला वाटलं होतं. तसं नसतं. अहवाल नगरपरिषदेच्या सभेपुढे जातो आणि काय बदलायचं ते सभा ठरवते. फेब्रुवारीतल्या विशेष सभेला आम्ही नगराध्यक्षांना आधी पत्र देऊन मागच्या खुर्च्यांवर बसलो. ओढ्याचा विषय दोन मिनिटांत संमत झाला. मैदानावर अचानक उपसूचना आली : अर्धी जागा रहिवासात घ्यावी. कुणी मांडली, कुणी अनुमोदन दिलं, हात वर झाले, संपलं. सुनावणीत बाहेर बसलेले सदस्यही आत होते. का, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि ठरावात कारणाची ओळही नव्हती. समितीने सहा ओळीत कारणं देऊन केलेली शिफारस डावलायची, तर सभेनेही निदान तेवढ्याच ओळी लिहायला हव्यात. ठरावाची प्रत आम्ही माहिती अधिकारात लगेच घेतली. पुढे वर पाठवलेल्या निवेदनात तिचा उपयोग झाला.

मग मार्चमध्ये टाळेबंदी. फाइल मंजुरीसाठी वर गेली आणि जवळजवळ दोन वर्षं काहीच कळलं नाही. मधल्या काळात आम्ही एक सविस्तर निवेदन समितीचा अहवाल, ठराव आणि पंचनामे जोडून नगररचना खात्याला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, पाणी पुन्हा त्याच काठांवर. तेव्हाचे पंचनामेही पाठवले. उत्तर कशालाच आलं नाही, पण पोहोचपावत्या आल्या. त्या जपल्या.

मार्च २०२२ मध्ये मंजुरीची अधिसूचना राजपत्रात आली. ओढ्याचा काठ हिरवा राहिला आणि संगमाच्या आत, फुगवट्याच्या भागात बांधकामाला परवानगी देण्याआधी पूररेषेची खात्री करण्याची अट पडली. मैदानाचा तुकडा मात्र ‘ईपी’, म्हणजे वगळलेला भाग, म्हणून बाजूला ठेवला होता. ईपी दिसला की घाबरू नका आणि गाफीलही राहू नका. त्या तुकड्यापुरती नव्याने नोटीस निघते, पुन्हा महिन्याची मुदत, पुन्हा सुनावणी. यावेळी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे. पहिल्या फेरीचे कागद असले तर हे काम एका दुपारचं आहे. आमची ही सुनावणी २०२३ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. आजोबा येऊ शकले नाहीत, त्यांची नात आली.

२०२४ चा निकाल असा : तीस गुंठे सलग चौकोनी जागा रस्त्याला लागून मैदानासाठी आरक्षित, उरलेले वीस गुंठे मोकळे. धावायचा गोल लहान होईल, पण क्रिकेट आणि कबड्डीला जागा पुरते. नातीने सांगितलं की मोकळ्या झालेल्या जागेने आजोबांच्या डोक्यावरचा भार उतरला. तीस गुंठ्यांसाठी त्यांना टीडीआर, म्हणजे रोख पैशाऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, सुचवला गेला, पण आमच्या गावात तो विकत घेणारा बिल्डर कुठून आणायचा? त्यांना रोख मोबदलाच हवा आहे आणि तो रास्त आहे.

त्याच कामाच्या मागे आम्ही सध्या आहोत. २०२१ च्या शेवटापासून गावात प्रशासक होते. त्या काळात दिलेल्या पत्रांना ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ असं उत्तर यायचं. आता निवडून आलेली सभा आहे. जानेवारीत आम्ही आणि आजोबांच्या घरच्यांनी मिळून एकच अर्ज दिला : भूसंपादनाच्या लेखाशीर्षात या आरक्षणासाठी टप्प्याटप्प्याने तरतूद करावी आणि पहिला हप्ता याच अंदाजपत्रकात धरावा. आमच्या प्रभागाच्या दोन्ही नगरसेवकांनी विषय मांडायचं कबूल केलं आहे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला आहे, आणि सभेच्या दिवशी मागच्या खुर्च्यांसाठी परवानगीचं पत्रही देऊन ठेवलं आहे.